गोगलगायीची घाई

नगरपालिकेची कचेरी एका उघड्या खडकावर आहे. त्या खडकावर गवत उगवत नाही, झाड धरत नाही आणि माणूस राहत नाही. तरी तिन्ही गावांचा कारभार तिथूनच चालतो. खालच्या गावातून निघालेल्या माणसाला चढण चढता चढता नाकी नऊ येतात. पलीकडच्या गावाहून यायचं तर आधी ओढा ओलांडायचा आणि मग तीच चढण. वरच्या गावाला कचेरी त्यातल्या त्यात जवळ, पण कुणी आनंदाने सांगावं इतकीही जवळ नाही. वारा असा, की आत प्रत्येक टेबलावर कागदांपेक्षा दगड जास्त. नवा कारकून रुजू झाला की त्याला आधी आपला दगड शोधून आणायला पाठवतात. दगड कसा निवडला यावरून माणूस टिकणार की बदली मागणार, हे जुन्या लोकांना लगेच कळतं.

भूगोलाचे मास्तर या कचेरीच्या व्हरांड्यात धापा टाकत बसले होते. मास्तर खालच्या गावचे, नुकतेच निवृत्त झालेले. शेजारी नगराध्यक्षा उभ्या होत्या. एके काळी त्या मास्तरांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघत असत. आता तिन्ही गावांकडे बघतात.

"सर, पाणी देऊ?"

"आधी श्वास येऊ दे. पाणी मग."

श्वास आला, पाणी झालं, तेव्हा नगराध्यक्षांनी विषय काढला. "आपल्या नगरपालिकेला साठ वर्षं होतायत. एक पुस्तिका काढायचीय. तीन गावांचा इतिहास, छोटासाच. तुम्ही लिहा."

"इतिहासाला इतिहासाचे मास्तर आहेत की."

"त्यांना आधी विचारलं. ते म्हणाले, मला अजून याच गावात राहायचंय."

मास्तरांनी मान डोलावली. तीन गावांचा इतिहास लिहायचा म्हणजे कुठल्या तरी दोन गावांशी कायमचं वाकडं घ्यायचं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. "आणि कचेरी या खडकावरच का, तेही लिहायचं?"

"ते काय, आहे की लिहिलेलं." नगराध्यक्षांनी दाराशेजारची दगडी पाटी दाखवली. 'संस्थापकांनी दूरदृष्टीने निवडलेली जागा', असं तिच्यावर कोरलं होतं.

"यात दृष्टी कुठे आहे? नुसतंच दूर आहे," मास्तर म्हणाले. "मी लिहितो. पण मला जे सापडेल ते लिहीन. कबूल?"

"सर, साठ वर्षांनी आता काय सापडणार?" असं म्हणता म्हणता नगराध्यक्षांच्या ध्यानात आलं. "तुमच्या वडिलांचं म्हणताय?"

मास्तरांनी खाली, चढणीच्या वळणाकडे बघितलं.

वडिलांची गोष्ट तिन्ही गावांत शेंबड्या पोरालाही माहीत होती. तीन गावांची मिळून एक नगरपालिका करायची, असा वरून हुकूम आला, आणि कचेरी कुठे बांधायची ते आपसांत ठरवा म्हणून सांगितलं गेलं. आपसांत ठरवणं या गावांना कधी जमलं नव्हतं. एका गावाने सभा बोलावली की उरलेली दोन गावं त्या दिवशी कामात असत. शेवटी थकून तिन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी एक तोड काढली. प्रत्येक गावाने आपलं एक माणूस द्यायचं. तिघांनी सूर्य उगवताना आपापल्या वेशीतून निघायचं आणि एकमेकांच्या दिशेने चालायचं. तिघं जिथे भेटतील तिथे त्यांनी धूर करायचा, आणि धूर निघेल तिथे कचेरी. कुणी आपल्या माणसाला मागून ढकलू नये किंवा पुढून अडवू नये म्हणून त्या दिवशी रस्त्यावर दुसऱ्या कुणी पाऊल टाकायचं नाही. इतका न्यायाचा निवाडा या भागात आधी कधी झाला नव्हता, म्हणून सगळ्यांना संशय आला. घरी जाऊन सगळ्यांनी हिशेब मांडला आणि तिन्ही गावांच्या डोक्यात एकच गोष्ट लख्ख उजळली: आपला माणूस जितका सावकाश चालेल, तितकी कचेरी आपल्या जवळ.

वरच्या गावाने आपला टेलर दिला. तो शिलाईच्या मशीनपुढे इतकी वर्षं बसला होता, की उठला तरी बसल्यासारखाच दिसायचा. पलीकडच्या गावाने एक तरुण मुलगी दिली. तिचे पाय चांगले होते, पण वाटेत भेटलेल्या कुणाशीही बोलल्याशिवाय तिला पुढे जाता येत नसे. सकाळी पाण्याला गेली की घरचे लोक तहानेने तिला शोधायला निघत. आणि खालच्या गावाने दिला आपला सुतार. हाच मास्तरांचा बाप. गाव त्याला गोगलगाय म्हणे. लोक त्याला घराच्या दाराचं काम सांगत, मग घर बांधून होई, लोक राहायला जात, मुलं होत, ती चालायला लागत, आणि मग एके दिवशी दार येई. दार मात्र असं येई, की पुन्हा त्याला हात लावायची गरज पडत नसे. गोगलगाय आपल्याकडे आहे म्हटल्यावर खालच्या गावाने आदल्या दिवशीच कचेरीसाठी विटा मागवल्या.

त्या दिवशी खालचं गाव छपरांवर चढून बसलं होतं. सगळ्यांच्या नजरा खाली, ओढा झाकणाऱ्या झाडीकडे, तिथून धूर कधी निघतो म्हणून. दुपार झाली, कलली, आणि धूर दिसला तो भलतीकडेच, वरती खडकावर. गावातला सगळ्यात सावकाश माणूस अख्खी चढण चढून गेला होता.

संध्याकाळी तो नेहमीच्या चालीने घरी आला. सगळं गाव वेशीवर वाट बघत होतं. "काय रे, हे काय केलंस?" लोकांनी विचारलं. त्याने नेहमीसारखा बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "चाललो जरा भरभर."

पुढे मरेपर्यंत या विषयावर तो आणखी एक शब्द बोलला नाही. गाव मात्र बोललं. त्या संध्याकाळी गोगलगायीचा घोडा झाला. मग घोड्याची बायको झाली, घोड्याचं घर झालं, आणि मास्तर शाळेत शिकवायला लागले तेव्हा ते पहिल्या दिवसापासून घोडेमास्तर. आजही खालच्या गावचा माणूस दाखल्यासाठी चढण चढतो, वळणावर थांबतो, कमरेवर हात ठेवतो आणि त्या घोड्याच्या नावाने काहीतरी बोलून मगच पुढे जातो.

मास्तरांनी स्वतः हे सगळं पचवलं होतं. पण गेल्या महिन्यात नात शाळेतून रडत आली. ती वर्गात उत्तर द्यायला उठली, की मागची मुलं खिंकाळत होती. रडून झाल्यावर तिने आजोबांना सरळच विचारलं, "पणजोबा का पळाले?"

मास्तरांना नद्यांचे उगम येत, वाऱ्यांच्या दिशा येत, समुद्राचे प्रवाह येत. हे येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर नातीपेक्षा त्यांनाच ते जास्त हवं होतं.

चौकशीला त्यांनी आपल्याच गावातल्या न्हाव्याच्या दुकानापासून सुरुवात केली, कारण तिथे उत्तरं आधी तयार असतात आणि प्रश्न नंतर येतात. खुर्चीत एक म्हातारा तोंडाला साबण लावून बसला होता.

"लाच!" न्हावी वस्तरा हवेत धरून म्हणाला. "वरच्या गावाने चारली. माझे वडील सांगायचे."

"लाच घेतली असती तर आमचं छप्पर गळलं नसतं," मास्तर म्हणाले.

"मधमाश्या लागल्या असतील मागे," साबणातून आवाज आला.

"तू हलू नको, कान जाईल. मास्तर, राग मानू नका, पण मला वाटतं पोट बिघडलं असणार."

"पोट बिघडलेला माणूस चढण चढतो का रे?"

न्हाव्याने यावर प्रामाणिकपणे विचार केला. "नाही. तो उतरतो," तो म्हणाला, आणि पुन्हा गालाकडे वळला.

घरी आल्यावर मास्तरांनी बायकोला सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. "तुम्ही आपल्याच गावात विचारत बसलात तर साठ वर्षं जुन्या शिव्याच मिळतील," त्या म्हणाल्या. "दुसरे दोघं होते ना तिथे? त्यांच्या घरी जा. आपलं लग्न ठरलं तेव्हा माझे बाबा म्हणाले होते, मुलगा घोड्याचा आहे, निदान वेळेवर तरी येईल. तुम्ही मुहूर्ताला उशिरा आलात."

दुसऱ्या दिवशी मास्तर वरच्या गावात गेले. तो टेलर कधीच गेला होता, पण त्याच मशीनवर आता त्याचा मुलगा बसत होता, आणि बसण्याची पद्धतही तीच होती. भिंतीवर टेलरचा हार घातलेला फोटो. फोटोतही तो बसलेलाच.

"आमचे वडील म्हणजे वीर," टेलरचा मुलगा पाय न थांबवता म्हणाला. "सूर्य उगवताना निघाले. खडकावर पोचले तेव्हा दुपार झाली होती."

मास्तरांनी खिडकीतून बाहेर बघितलं. खडक तिथून असा दिसत होता, की वरून हाक मारली तर कारकून वळून बघेल. "इतका वेळ लागला? ढोंग करत होते?"

मशीन थांबलं. "ढोंग? मास्तर, बाकीच्यांनी काय केलं ते मला माहीत नाही. आमचे वडील जीव तोडून चालले. तीच त्यांची चाल होती. वाटेत तीनदा वाटलं, परत फिरावं. पण गावाने विश्वास टाकला होता." बोलताना त्याला जरा भरून आलं. "ते नेहमी सांगायचे, खडकावर टेकलो आणि खालून ती दोघं येताना दिसली, तेव्हा इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! आता आणखी चालायला नको."

"थांबा," मास्तर म्हणाले. "कोण दोघं?"

"तुमचे वडील आणि पलीकडच्या गावची ती मुलगी."

"दोघं एकत्र आली?"

"एकत्र. खालून. तुमचे वडील पुढे, ती मागे, दोघंही धापा टाकत. आणि वडिलांना कशाचं नवल वाटलं सांगू? ती बोलत नव्हती. वडिलांना वाटलं आजारी आहे, म्हणून त्यांनी आपला जेवणाचा डबा तिच्यापुढे केला."

मास्तर त्याचे आभार मानून निघाले ते चढणीच्या वळणावर येऊन उभे राहिले. शिव्या द्यायला म्हणून नव्हे. तिथून तिन्ही गावांच्या वाटा तळहातावरच्या रेषांसारख्या दिसत. पलीकडच्या गावाची वाट डोंगराच्या कडेने येत होती आणि ओढ्यावर, खालच्या गावाच्या अगदी पायाशी, त्या गावच्या वाटेला मिळत होती. तिथून वर एकच चढण. दोघं एकत्र आली म्हणजे ती ओढ्यावरच भेटली असणार. पण ओढ्यापासून खडकापर्यंत यायला रमतगमत आलं तरी सकाळ सरत नाही. मग दुपारपर्यंत ही दोघं होती कुठे? मधली अख्खी सकाळ गहाळ होती. भूगोलाच्या माणसाला नकाशातली रिकामी जागा सहन होत नाही. मास्तर तिथूनच पलीकडच्या गावाकडे उतरले. जेवायची वेळ टळून गेली हे त्यांना ओढा ओलांडल्यावर आठवलं.

ती मुलगी आता ऐंशी पार केलेली म्हातारी होती आणि सगळं गाव तिला रेडिओमावशी म्हणत होतं. मावशी ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या. सून समोर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती आणि अधूनमधून हं म्हणत होती. मास्तरांना बघताच मावशींनी अर्धवट राहिलेली गोष्ट सुनेकडे तशीच टाकून दिली.

"अगोबाई! घोड्याचा मुलगा ना तू? नाक तेच. बस. ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो, माझ्या भाच्याने दुरुस्त केली तेव्हापासून. तसा तो भाचा कामाला चांगला, पण बायको त्याला…"

भाच्याची बायको संपायला बराच वेळ लागला. मास्तरांनी हं म्हणायचं काम सुनेकडून आपल्याकडे घेतलं. मग एका श्वासाच्या जागी ते पटकन आत शिरले. "मावशी, मी त्या दिवसाचं विचारायला आलोय. कचेरीच्या जागेसाठी तुम्ही तिघं चाललात त्या दिवसाचं."

"साठ वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही. सगळ्यांना वाटतं, विचारलं तर ही सांगेल."

"मला सांगा."

"तर ऐक. आमच्या लोकांनी मला का निवडलं? मी बोलते म्हणून. वाटेत माणसं भेटतील, ही बोलत बसेल, उशीर होईल. आणि नियम काय केला? रस्त्यावर कुणी यायचं नाही! आता मी बोलू कुणाशी? काटेरी झुडपांशी? गप्प बसायचं म्हटल्यावर माझे पाय असे उचलले गेले, की ऊन नीट पडायच्या आत मी ओढ्यावर. आणि तुझा बाप पलीकडून नुकता उतरत होता. मागे वळून हात लांब केला असता तर त्याला स्वतःचं गाव लागलं असतं."

मास्तर खुर्चीच्या कडेवर सरकले. "म्हणजे कचेरी ओढ्यावरच व्हायची!"

"टेलर आला असता तर. तिघं भेटायला हवेत ना? मग आम्ही बसलो वाट बघत. टेलर येईना. मी बोलायला लागले. पहाटेपासूनचं सगळं साठलं होतं, आणि आधीचंही. एक सांगते तुला. माझं बोलणं आजवर कुणी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. लोक मधेच उठतात. कुणाचं दूध उतू जातं, कुणाची गाडी चुकते. तुझा बाप बसून राहिला. माझं संपलं, तरी तो ऐकतच होता."

"ते काही बोलले नाहीत?"

"बोलला की. मधे एकदा म्हणाला, तुमच्या घराचं दार कुरकुरतं का? मी म्हटलं, कुरकुरतं, आई रोज ओरडते. मग बऱ्याच वेळाने, सावली या बाजूची त्या बाजूला गेल्यावर म्हणाला, मी येऊन बघीन."

सुनेने घातलेली घडी उलगडली आणि पुन्हा घालायला घेतली.

"पण मावशी, मग ते उठले का?" मास्तरांचा आवाज चढला. "नुसतं बसून राहायचं होतं. बसणं तर त्यांना सगळ्यात चांगलं जमायचं. टेलर कधी ना कधी आलाच असता!"

"त्याला ठाऊक होतं. म्हणालाही होता, आपण इथेच बसलो तर कचेरी आमच्या दारात येते. आणि तेवढ्यात तुमच्या गावच्या बायका बोलत येत असल्याचा आवाज आला. धुणं घेऊन येत होत्या. रस्त्यावर जायचं नाही असं वडीलधाऱ्यांनी सांगितलं होतं. धुण्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. तुझा बाप ताडकन उठला. मी त्याला तसं उठताना बघितलं आणि मीच घाबरले. म्हणाला, तुम्हाला इथे माझ्याबरोबर सकाळभर बसलेलं बघितलं तर लोक काय काय बोलतील. चला वर. आणि निघाला. असा चढला, असा चढला, की मला मागून पळावं लागलं. तोंडातून शब्द फुटेना."

लाच नव्हती, मधमाश्या नव्हत्या. गावाने साठ वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडली, तो माणूस जिंकत आलेला डाव टाकून एका मुलीच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून उठला होता. सकाळभर कुठे होतास हे कुणी विचारू नये म्हणून, चाललो जरा भरभर, एवढं सांगून तो घोडा झाला होता.

"तुमचं नाव राखलं त्यांनी," मास्तर म्हणाले.

"राखलं ना. कुठे ओरखडासुद्धा नाही." मावशींनी पदर सारखा केला. "पण मला कुणी विचारलं होतं का, राखायचं आहे का म्हणून? बायकांचा आवाज मी त्याच्या आधी ऐकला होता. गप्प बसले. आयुष्यात तेवढी एकदाच गप्प बसले. म्हटलं, येऊ देत. बघू देत. बघितलं असतं तर दोन्ही गावांनी आरडाओरडा करून चार दिवसांत आमचं लग्न लावून टाकलं असतं. कचेरीच्या आधी."

"सासूबाई!" सून म्हणाली.

"काय सासूबाई? तुझा सासरा देवमाणूस होता. मी बोलायला लागले की पेपर उघडायचा, एवढंच. मी काय म्हणत होते? हां. तुझा बाप दार बघायला आला, मास्तर. आला नाही असं नाही. पण त्याला यायला वर्ष लागलं. तोवर माझं लग्न ठरलं होतं, याच गावात, दोन गल्ल्या सोडून. तो काही बोलला नाही. दार दुरुस्त करून गेला. चहासुद्धा उभ्यानेच घेतला."

मास्तरांनी मनातल्या मनात स्वतःच्या जन्माचा हिशेब केला आणि तो अर्ध्यावर सोडून दिला. त्या वर्षात काही वेगळं घडलं असतं तर हिशेब करायला ते उरलेच नसते.

"मावशी, हे लिहू का? लिहिल्याशिवाय आमच्या घरचा घोडा जायचा नाही. पण लिहिलं की तुमचं नाव येणार. नको म्हणालात तर इथेच थांबतो."

मावशी विचार करू लागल्या. ओसरीवर इतकी शांतता पसरली, की सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. "बरं वाटतंय ना?"

"मला काय धाड भरलीय? विचार करतेय. लिही तू. तो माझ्यासाठी उठला, एवढं लिही. मी काय म्हणून गप्प बसले, ते पुस्तिकेला सांगितलेलं नाही, तुला सांगितलंय."

"आणि मला?" सुनेने विचारलं.

"तू घड्या घाल."

रात्रीच्या जेवणाला मास्तरांचा हात ताटात नुसता फिरत होता. बायकोने कारण विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, आणि मग मनातली खरी टोचणी बाहेर काढली. आई आज असती तर हे वाचून तिला काय वाटलं असतं?

बायकोने वाटी सरकवली. "तुमच्या वडिलांनी सासूबाईंना मागणी कशी घातली होती, तुम्हाला माहीत आहे? पहिल्याच भेटीत. त्यांच्या घरच्या खिडक्यांच्या मापाला गेले होते, आणि माप घ्यायच्या आधी विचारून टाकलं. सासूबाई शेवटपर्यंत हसून सांगायच्या, एवढी घाई कशाची झाली होती कोण जाणे! लिहा तुम्ही. त्या होत्या त्या घाईवर खूश."

मास्तरांनी लिहिलं. तिन्ही गावांच्या विहिरी, शाळा, जुनी भांडणं आणि नवी भांडणं यांना मिळून जितकी पानं लागली, तितकीच त्या एका सकाळीला लागली. नगराध्यक्षांनी ते हस्तलिखित कचेरीत वाचायला घेतलं. त्यांचा चहा गार झाला, बाहेर माणसं ताटकळली, तरी त्यांनी मान वर केली नाही.

"सर, अडचण आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "हे छापलं की खालचं गाव म्हणणार, तीनातले दोघं आमच्या ओढ्यावर भेटले होते, तेव्हा कचेरी खाली आणा."

"म्हणतील."

"आणि पाटीवर दूरदृष्टी कोरलीय, तिचं काय?"

"ती राहू दे. इतकी वर्षं कुणी वाचलेली नाही."

नगराध्यक्षांनी पानं टेबलावर ठेवली. "मग सर, मुलीला… म्हणजे तेव्हाच्या मुलीला काय वाटलं असेल हो?"

"पुस्तिकेत आहे तेवढंच," मास्तर म्हणाले. पुस्तिका छापायला गेली.

पहिले दोन दिवस खालच्या गावात नुसता भडका उडाला होता. "म्हणजे जिंकला होता!" न्हावी दुकानाच्या पायरीवर येऊन ओरडत होता. "नुसतं बसायचं होतं! एका बाईसाठी उठला आणि अख्ख्या गावाच्या गुडघ्यांची वाट लावली!"

तिसऱ्या दिवशी न्हाव्याच्या बायकोने दुकानात येऊन सगळ्या गिऱ्हाइकांदेखत विचारलं, "तुम्ही उठला असतात का?" न्हावी गप्प. खुर्चीतला गप्प. बाकावर वाट बघत बसलेले गप्प. त्या संध्याकाळी हाच प्रश्न घरोघरी विचारला गेला, आणि ज्याने त्याने आपापल्या परीने वेळ मारून नेली. त्यानंतर घोड्याचं नाव हळूच मागे पडलं. निदान बायका जवळ असताना कुणी काढेना. शाळेत मागच्या बाकावरचं खिंकाळणं थांबलं. नातीने घरी येऊन सांगितलं, की आता मुलं मधल्या सुट्टीत तिच्याभोवती जमतात आणि विचारतात, मग पुढे काय झालं? आणि तिला ते सांगता येत नाही म्हणून तिची पंचाईत होते.

हे सगळं इथेच थांबायला हरकत नव्हती. पण नगरपालिकेने ठराव केला, की ती दोघं ज्या दगडावर बसली होती तिथे ओढ्याकाठी एक बाक ठेवावा. ठराव झाला आणि खालचं गाव म्हणालं, तो दगड आमच्या हद्दीत येतो. पलीकडचं गाव म्हणालं, आमची मुलगी आमच्याच काठावर बसली असणार, ती काय परक्या गावात बसेल? वरच्या गावाचा यात काही संबंध नव्हता, म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंनी मतं दिली. हद्द मोजायला माणूस आला, त्याने ओढ्यात उभं राहून दोरी ताणली, आणि दोन्ही टोकं दोन्ही गावांनी ओढली.

शेवटी मावशींनाच खुर्चीत बसवून ओढ्यावर आणलं. भर दुपारची वेळ. दोन्ही काठांवर गर्दी. नगराध्यक्षा, न्हावी, न्हाव्याची बायको, टेलरचा मुलगा चढण नाही म्हणून खूश होऊन आलेला. मास्तर मावशींच्या खुर्चीला हात लावून उभे होते. काठाला सारखे दिसणारे बरेच दगड पडले होते, आणि प्रत्येकाजवळ कोणी ना कोणी आशेने उभं होतं.

"मावशी, नीट आठवा," नगराध्यक्षा म्हणाल्या. "यातल्या कुठल्या दगडावर?"

मावशींनी सगळे दगड एकदा बघून घेतले. मग जमलेल्या माणसांकडे बघितलं, एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत, अगदी सावकाश.

"दगडाकडे कोण बघत होतं?" त्या म्हणाल्या.